त्यानं कापायचं काय?

अमेरिकेहून भाचा आला की बॅग उघडणं हा आमच्याकडे तासाभराचा कार्यक्रम असतो. बदाम निघतात, चॉकलेटं निघतात, माझ्या आईसाठी कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा निघतो. गेल्या डिसेंबरात सगळ्यांत शेवटी, एका लोकरी मोज्यातून, एक चाकू निघाला. मिटलेला, राखाडी, अंगाने किंचित खरखरीत. नदीतला चपटा गोटा हातात यावा तसा.

“मामा, काही कापू नकोस. नुसती उघडमीट करून बघ.”

पात्यावर एक बारीक खुंटी होती. तिला अंगठा लावला आणि पातं बाहेर आलं. झटक्याने नाही, तेल घातलेल्या बिजागरीसारखं, एका लयीत. शेवटी आवाज झाला. ‘खट’ म्हणावं तर तेवढा कडक नव्हता, ‘टक’ म्हणावं तर तेवढा पोकळ नव्हता. जुन्या लोखंडी कपाटाचं दार नेमकं बसलं की जो आवाज येतो, त्याचं धाकटं भावंड शोभेल असा. मी चाकू मिटला, पुन्हा उघडला. पानं वाढून झाली तरी माझं तेच चाललं होतं.

“केवढ्याचा?” बायकोने विचारलं.

भाच्याने डॉलरमध्ये आकडा सांगितला. चारशेच्या पुढचा. तिचा गुणाकार माझ्याआधी झाला. पस्तीस-चाळीस हजार रुपये.

“बरं. आणि त्यानं कापायचं काय?”

मी ताटाकडे बघितलं. भाचा माझ्या मदतीला आला. “मामा, तुला हवा असेल तर पुढच्या खेपेला आणतो. जूनमध्ये येणारच आहे.” म्हणजे विचाराला सहा महिने. लोक एवढ्या वेळात फ्लॅट बघून, कर्ज काढून, वास्तुशांत उरकतात. मी एका चाकूचा विचार केला. त्यापायी भोसरीच्या कारखान्यात गेलो, निवृत्त पोलीस अधिकाऱ्याचं डोकं खाल्लं, धारवाल्याच्या चाकापाशी उभा राहिलो आणि एक वही घातली. वहीचं पुढे सांगतो.

*

चाकूचं नाव ‘सेबेन्झा’. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ काम. करणारा ख्रिस रीव्ह मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. तरुणपणी मोटरसायकलच्या शर्यतींत उतरायचा, आणि हातात विद्या होती ती साचे आणि हत्यारं घडवण्याची, जिला आपल्याकडच्या कारखान्यांत सगळे ‘टूल अँड डाय’ म्हणतात. १९८४ मध्ये त्याने चाकूंचा धंदा मांडला, १९८९ मध्ये बिऱ्हाड उचलून अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉयसी गावी आला, आणि नव्वदचं दशक उजाडताना हा चाकू बाजारात आला. अटलांटाला दरवर्षी चाकूंची मोठी जत्रा भरते, ब्लेड शो नावाची. तिथलं उत्पादनाच्या दर्जाचं पारितोषिक या कंपनीने इतक्या वेळा नेलं आहे की तो जणू तिचा वार्षिक हप्ता असावा. रूप मात्र अगदी साधं. दोन सपाट पट्ट्या, मध्ये पातं, मोजके स्क्रू.

खरी करामत खटक्यात आहे. आपल्याकडे ‘खटक्याचा चाकू’ म्हटलं की बटण दाबताच फटकन उघडणारा, पंचनाम्यात सापडणारा चाकू डोळ्यांपुढे येतो. इथला खटका पातं उघडायला नाही. उघडलेलं पातं बोटांवर मिटू नये म्हणून आहे. मिटत्या चाकूचा जन्मजात दोष तोच. कापताना दाब चुकीच्या बाजूने पडला की पातं उलटं फिरतं आणि मध्ये आपलीच बोटं सापडतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिराने त्यावर तोड काढली. मुठीच्या आत एक पातळ पट्टी. पातं पूर्ण उघडलं की ती आपसूक सरकून त्याच्या बुडाशी आडवी येते. रीव्हने ती वेगळी पट्टीच रद्द केली. मुठीची एक बाजू जाड टायटॅनियमची घेतली, तिला उभी चीर पाडली आणि चिरलेल्या भागाला आतल्या अंगाला जरासा वाक दिला. आता मूठ हाच खटका. चाकू जितका आवळून धराल तितका खटका पक्का. आज जगभरचे चाकूवाले हीच युक्ती वापरतात.

हे टायटॅनियमला नीट जमतं याचं कारण त्याच्या स्वभावात आहे. तो मजबूत आहे, पण पोलादाच्या तुलनेत त्याचा ताठा निम्म्याच्या जवळपास. वाकवला तर वाकतो, सोडला तर जागेवर येतो, आणि हे हजारो वेळा करतो. शिवाय गंजत नाही. पण हा झाला मुठीचा हिशेब. ज्याला दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही ‘टायटॅनियमचा चाकू’ म्हणतात, त्यात कापणारं जे काही आहे ते टायटॅनियमचं नसतंच. पातं पोलादाचं असतं. हे मला भोसरीत नीट समजलं.

*

भोसरीच्या एमआयडीसीत माझ्या एका वर्गमित्राचा कारखाना आहे. पाच सीएनसी यंत्रं, कूलंटचा तो आंबूस वास, आणि दारात चपला काढायची सक्ती नाही पण सवय. तो वर्षातून काही महिने टायटॅनियमची कामं घेतो.

“टायटॅनियम म्हणजे जावई,” तो म्हणाला. “मान ठेवायचा, घाई करायची नाही, आणि डोकं तापू द्यायचं नाही. पोलाद कापताना निघणारी उष्णता किसात निघून जाते. हा पठ्ठ्या उष्णता सोडतच नाही, सगळी हत्याराच्या टोकाला साठते. टूल जळतं. वेग कमी ठेव, पाणी भरपूर मार, टूल बदलत राहा. आणि किसाचा ढीग साचू द्यायचा नाही. पेटला तर पाणी मारून विझत नाही.” कोपऱ्यात कोरड्या वाळूची बादली होती. त्यासाठीच.

मी मूळ प्रश्न विचारला: पातंच टायटॅनियमचं का नाही करत?

त्याने टेबलावरची एक पट्टी उचलली. हा विमानवाल्यांचा लाडका मिश्रधातू, ग्रेड फाइव्ह. टायटॅनियममध्ये सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम. “कठीणपणा रॉकवेल मापावर किती? छत्तीसच्या घरात. तुझ्या भाच्याच्या चाकूचं पातं साठच्या आसपास असणार. छत्तिसाला धार लागते, टिकत नाही. पाणबुड्यांसाठी करतात टायटॅनियमची पाती, खाऱ्या पाण्यात गंजत नाहीत म्हणून. सुरुंग काढणाऱ्यांसाठी करतात, लोहचुंबकाला दाद देत नाहीत म्हणून. तू कुठे सुरुंग काढतोस?”

मग जाता जाता म्हणाला, “तसं तुझ्या घरात टायटॅनियम आहेच की. काकूंच्या गुडघ्यात.” खरंच होतं. आईच्या कृत्रिम गुडघ्याची नडगीच्या हाडात बसवलेली बैठक याच मिश्रधातूची आहे. तिच्यावर खर्च करताना कोणी ‘काय कापायचं’ म्हणून विचारलं नव्हतं.

*

टायटॅनियमशी माझी ओळख त्याच्याही आधीची निघाली. आमचं घर रत्नागिरीजवळ, काळबादेवीच्या किनाऱ्याशी. तिथल्या पुळणीत काळ्या वाळूचे पट्टे असतात. लाट मागे हटली की ओल्या वाळूवर काजळाची बोटं फिरवल्यासारखे दिसतात. लहानपणी आम्ही मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक त्यात फिरवायचो. त्याला जी मिशीसारखी चिकटायची ती मॅग्नेटाइट. जी जड, काळी वाळू तशीच मागे राहायची तिच्यात बरीचशी इल्मेनाइट, म्हणजे लोह आणि टायटॅनियम यांचं खनिज. आम्ही ती फेकून द्यायचो.

१७९१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याने ती फेकली नाही. त्याच्या परगण्यातल्या एका ओढ्यात अशीच काळी वाळू होती. तिची चिकित्सा करताना लोहाशिवाय आणखी एक अनोळखी धातू तिच्यात आहे हे त्याच्या ध्यानात आलं. चार वर्षांनी जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोथने त्या धातूला ग्रीक पुराणातल्या टायटनांचं नाव दिलं. पण शुद्ध धातू हाती यायला १९१० उजाडावं लागलं, आणि तो कारखान्यात काढण्याजोगी रीत विल्हेल्म क्रोल या लक्झेंबर्गच्या माणसाने बसवली ती आणखी काही दशकांनी.

किमतीचं मूळ इथे आहे. पृथ्वीच्या कवचात विपुलतेच्या क्रमाने टायटॅनियम नववं मूलद्रव्य. दुर्मीळ अजिबात नाही. भिंतीच्या पांढऱ्या रंगात त्याचाच ऑक्साइड असतो. पण तो प्राणवायूला असा घट्ट बिलगलेला असतो की लोखंडासारखा कोळशाच्या भट्टीत सोडवता येत नाही. आधी क्लोरिन देऊन त्याचा क्लोराइड करायचा, तो ऊर्ध्वपातनाने शुद्ध करायचा, मग हवाबंद भांड्यात, आरगॉन वायूखाली, आठशे-साडेआठशे अंशांना मॅग्नेशियमशी भिडवायचा. दिवसच्या दिवस लागतात, आणि हाती काय येतं, तर जाळीदार, खंगरासारखा गोळा. त्याला ‘स्पंज’ म्हणतात. तो निर्वातात पुन्हा वितळवला की मग धातूची लगड. आपल्या देशात केरळमधल्या चवऱ्याला असा स्पंज काढण्याचा प्रकल्प २०११ मध्ये सुरू झाला, इस्रोच्या गरजेपोटी. अमेरिकेने ब्लॅकबर्ड हे हेरगिरीचं विमान बहुतांशी टायटॅनियमचं बनवलं, तेव्हा कच्चा माल मिळवला तो आडवळणाने सोव्हिएत संघाकडून, म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याचकडून. असल्या कुळातला धातू खिशात बाळगायचा म्हणजे थोडा तोरा येणारच.

हा तोरा उतरवला तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने.

टायटॅनियम हलका, असं सगळे म्हणतात. कोणापेक्षा? पोलादापेक्षा. घन सेंटिमीटरला साडेचार ग्रॅम. पोलाद पावणेआठच्या पुढे. पण मूठ काही पोलादाचीच करावी असं कोणी सांगितलं नाही. भाच्याचा छोटा सेबेन्झा काट्यावर नव्वद ग्रॅमच्या आतबाहेर भरला. शेजाऱ्यांकडे फ्रान्सहून आणलेला ओपिनेल आहे, आठ नंबरचा, बीच लाकडाच्या मुठीचा. तो पन्नासच्या आसपास. आणि त्याचं पातं साडेआठ सेंटिमीटर, सेबेन्झापेक्षा लांब! बीचचं लाकूड पाण्यावर तरंगतं, टायटॅनियम बुडतो, इतकी ही तुलना साधी आहे. म्हणजे अंतराळयानाच्या धातूचा चाकू फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतातल्या शेतकऱ्यांसाठी जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये केलेल्या चाकूपुढे जवळपास दुपटीने जड.

ओपिनेललाही खटका आहे. १९५५ पासून त्याच्या गळ्याशी एक फिरती कडी असते. मी हरखलो. पण कोकणातल्या माणसाने लाकडी मुठीच्या चाकूला भुलताना जुलै आठवावा. पावसाळ्यात आमच्या घराची दारं फुगतात, खिडक्यांना गुडघा द्यावा लागतो. ओपिनेलची मूठही ओल लागली की फुगते आणि पातं आत अडकून बसतं. शिवाय त्याच्या साध्या कार्बन पोलादाच्या पात्याने कैरी कापली की फोडी काळ्या पडतात, जुन्या विळीवर पडायच्या तशा. कैरीच्या आंबटाची आणि लोखंडाची ती जुनी भानगड. स्टेनलेस पात्याचा ओपिनेल मिळतो, त्याने फोडी वाचतात. फुगायचं ते मूठ फुगतेच. इथे टायटॅनियम बिनविरोध जिंकतो. खारा वारा, घाम, पाऊस, काहीही असो, त्याला ढिम्म फरक पडत नाही.

*

आता कायदा. इथे चाकूप्रेमी लोक सहसा आवाज खाली आणतात.

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटात एक निवृत्त पोलीस निरीक्षक आहेत. त्यांना मी शस्त्र नियम पाठ करून दाखवले: १९५९ चा अधिनियम, २०१६ चे नियम, त्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या यादीत, घरकाम, शेती, विज्ञान, उद्योग यांसाठीची वगळलेली. माझा चाकू तीन इंचांचा. म्हणजे मोकळा.

“झालं वाचून?” ते म्हणाले. “आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम वाचा. १९५१ चा. कलम ३७.”

त्या कलमाखाली सण, निवडणुका, आंदोलनं यांच्या तोंडावर बंदी आदेश निघतात. वर्तमानपत्रात आतल्या पानावर बोटभर बातमी असते, आपण वाचत नाही. काठ्या, सोटे, तलवारी यांच्या ओळीत सुरेही असतात, आणि आदेश मोडला तर कलम १३५ खाली गुन्हा. “तुम्ही पेरू कापायला चाकू ठेवला होता हे खरंही असेल,” ते म्हणाले. “पण रात्री अकरा वाजता नाकाबंदीत तो पेरू दाखवावा लागतो.”

दिल्लीत गोष्ट आणखी कडक. तिथे १९८० च्या अधिसूचनेनुसार बटणाचे, स्प्रिंगचे, यांत्रिक युक्तीने उघडमीट होणारे चाकू पातं ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद झालं की बंदीत येतात. परदेशातही खुशाल फिरता येतं असं नाही. ब्रिटनमध्ये कारणाशिवाय खिशात चालतो तो फक्त तीन इंचांच्या आतला, मिटता आणि बिनखटक्याचा चाकू. सेबेन्झा तिथे नापास, कारण बोटं वाचवणारा खटका हाच त्याचा अपराध. विमानात हातातल्या सामानात कुठलाच चालत नाही. भाच्याने उगाच नाही मोज्यात गुंडाळून बॅगेच्या पोटात घातला.

या भीतीला आपल्याकडे एक चेहरा आहे, रामपुरीचा. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ही पाती घडवत आले. हिंदी सिनेमाने ती मवाल्यांच्या हाती दिली आणि मिटता चाकू म्हणजे गुंड हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं केलं. २०२३ मध्ये रामपुरात चौकात सहा मीटरहून मोठा चाकू उभारून त्याला चाकू चौक नाव दिलं. गावाने आपल्या कसबाची लाज बाळगणं सोडलं, हे मला आवडलं. बंदी आदेशात त्याने काही फरक पडत नाही.

एक विचित्र गोष्ट या ओघात जाणवली. याच महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि एकट्याला ‘अर्धा कोयता’. उचल त्या हिशेबाने मिळते. जिथे माणसं पात्याच्या नावाने मोजली जातात, तिथे मी पस्तीस हजारांच्या तीन इंची पात्याचा कित्येक महिने विचार करतोय. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वहीत लिहिलं होतं, म्हणून इथेही.

*

धारवाला आमच्या गल्लीत महिन्यातून एकदा येतो. सायकल स्टँडला लावतो, पट्टा चढवतो, बसल्या जागी पायडल मारतो आणि दगडी चाक फिरायला लागतं. भाचा परत जाण्याआधी मी सेबेन्झा त्याच्यापुढे धरला. त्याने पातं उघडलं, नखावर टेकवलं, उजेडात धार पाहिली, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यालाही तो आवाज आवडला असावा.

“याला माझा दगड नको, साहेब.”

“का?”

“कोरडं चाक आहे. धार तापून निळी पडली की पाणी उतरतं. मग नुसती पट्टी. घरच्या विळ्या आणा, कात्र्या आणा.”

त्याच्या बोलण्यातलं ‘पाणी’ म्हणजे पोलादाला दिलेलं पाणी. पातं तापवून विझवताना त्याला जो कठीणपणा येतो, तो बेताबाहेर तापलं की जातो. दुसरी अडचण त्याने सांगितली नाही, ती मी नंतर वाचली. या महागड्या पोलादांत व्हॅनेडियमचे कार्बाइड असतात, अतिसूक्ष्म कण, आणि ते धार लावायच्या नेहमीच्या दगडातल्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही कठीण. धार महिनोन्‌महिने टिकते ती त्यांच्यामुळे, आणि एकदा गेली की नीट पाजवायला हिऱ्याची पूड बसवलेली पाटी लागते तीही त्यांच्यामुळेच. म्हणजे चाकूपाठोपाठ पाटी. पाटीपाठोपाठ कोन धरायची चौकट. माझा एक स्नेही अशाच वाटेने फाउंटन पेनांत शिरला, तो अजून बाहेर आलेला नाही.

*

वही. जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून, घरात किंवा बाहेर, ज्या ज्या वेळी ‘आत्ता खिशात चाकू हवा होता’ असं वाटलं ते लिहायचं ठरवलं. पहिली नोंद: पार्सलची चिकटपट्टी. दुसरी: पार्सलची चिकटपट्टी. मग संत्र्यांच्या पिशवीची दोरी. पेन्सिल, नातीची. औषधाच्या बाटलीचं सील. पुन्हा पार्सल. चष्म्याचा सैल स्क्रू, जो चाकूच्या टोकाने पिळू नये असं कुठलाही शहाणा माणूस सांगेल. गावी गेलो तेव्हा एक शहाळं, ज्यासमोर तीन इंची पात्याने मान खाली घातली असती, तिथे कोयताच. सोड्याच्या बाटलीचं बूच. पेरू. शर्टाचा लोंबणारा धागा. परत पार्सल.

दोन महिन्यांनी वही वाचली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. बहुतेक कामं दहा रुपयांच्या कटरने झाली असती. आणि चार-पाच कामं अशी होती ज्यांत कापायचं काही नव्हतंच. पिळायचं होतं, उचकटायचं होतं, उघडायचं होतं.

मग मनाशी दुसरी बाजू मांडून पाहिली. प्रत्येक वस्तू उपयोगावरच का तोलायची? पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते ठेवलेत, ते बघून या. पितळेचे, नक्षीचे, आकृत्या कोरलेले. सुपारी साध्या अडकित्त्यानेही फुटते. तरी कोणीतरी कारागिराला जादा पैसे मोजले, कारण पानाची चंची उघडल्यावर हाताला ती वस्तू लागावी असं वाटलं. आमच्या आजोबांचा अडकित्ता असाच होता. मिटवताना त्याच्या दोन्ही मुठी इतक्या अलगद जुळायच्या की आवाज ऐकू येण्यापेक्षा बोटांना कळायचा. त्यात उधळेपणा आहे असं घरात कोणी म्हटल्याचं आठवत नाही.

इथे मला माझंच बिंग सापडलं. मला चाकू नको होता. मला तो आवाज हवा होता. पस्तीस हजारांतले बहुतेक रुपये पात्याचे नाहीत, धातूचेही नाहीत. दोन भाग एकमेकांत किती नेमके बसावेत यावर कोणीतरी घातलेल्या तासांचे आहेत. ते पैसे वाया जातात असं मी म्हणणार नाही. पण मग तो दागिना आहे असं मान्य करावं, आणि दागिन्यासारखाच तो कपाटात राहणार हेही. आजोबांचा अडकित्ता दिवसातून दहा वेळा सुपारी फोडायचा. माझा सेबेन्झा सण नसलेल्या दिवशी, नाकाबंदी नसलेल्या रस्त्यावर, पार्सल फाडायला निघणार.

*

तरीही ज्यांना घ्यायचाच आहे, त्यांच्यासाठी चार अनुभवाचे शब्द, कारण यात मी चौदाशे रुपयांना हात पोळून घेतला आहे. मधल्या काळात धीर धरवेना म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘टायटॅनियम नाइफ’ मागवला. सोनेरी झळाळीचा. आला तो हातात घेताच जड लागला, आणि फ्रिजवरचं लोहचुंबक मुठीला टपकन चिकटलं. टायटॅनियमला लोहचुंबक चिकटत नाही. सोनेरी झळाळी टायटॅनियम नायट्राइडच्या लेपाची होती. केसाहूनही पातळ थर, खाली स्वस्त पोलाद. लेप हे पाप नाही, ड्रिलच्या टोकांवर तो असतोच. पण त्याला टायटॅनियमचा चाकू म्हणणं म्हणजे वर्ख लावलेल्या बर्फीला चांदी म्हणणं.

निळे-जांभळे रंग असतील तर ते मात्र रंग नव्हेत. टायटॅनियमला विजेचा दाब दिला की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पारदर्शक थर चढतो, आणि त्याच्या जाडीप्रमाणे प्रकाश रंग दाखवतो, पाण्यावर सांडलेल्या रॉकेलसारखा. ओरखडा गेला की तेवढ्या जागी रंग जातो. मुठीची करडी, खरखरीत कातडीही खिशातल्या किल्ल्यांनी चमकदार रेघा दाखवायला लागते. जाणते त्यांना गोगलगायीच्या वाटा म्हणतात. आणखी एक पाहून घ्यायचं: खटक्याच्या टोकाला, जिथे तो पात्याच्या बुडाला भिडतो, तिथे पोलादाचा तुकडा किंवा सिरॅमिकची गोळी बसवली आहे का. नुसता टायटॅनियम पोलादावर घासला की चिकटतो आणि झिजतो, खटका ओढताना जड जातो. बॉयसीचं नाव नको असेल तर चीनमधल्या यांगजियांगचे चाकू बघा. ग्वांगडाँग प्रांतातलं हे शहर चाकू-सुऱ्यांसाठीच प्रसिद्ध आहे, आणि तिथल्या चांगल्या कारखान्यांची सफाई आता अमेरिकनांनाही घाम फोडते. किंमत बरीच कमी.

मी काय केलं, तर एप्रिलमध्ये भाच्याला कळवलं: आणू नकोस. त्याने विचारलं, “मामी नको म्हणाली ना?” मी म्हटलं, मामीने एकच प्रश्न विचारला होता.

घेतला तो लाल स्विस चाकू, स्पार्टन. ९१ मिलिमीटर, मुठीला प्लास्टिक, खटका नाही. स्वित्झर्लंडच्या इबाख गावच्या कार्ल एल्झनरने १८९७ च्या जूनमध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या ज्या चाकूची नोंदणी केली त्याचा हा सरळ वंशज. पात्याचं पोलाद मऊसर आहे, धारवाल्याने नाही तरी घरच्या निसण्याने पाच मिनिटांत वळणावर येतं. मिटताना जो आवाज येतो त्याबद्दल काही बोलण्यासारखं नाही. पेचकस आहे, बूच उघडायची आकडी आहे. चष्मा दुरुस्त झाला, सोड्याची बाटली उघडली. बुचात फिरवायच्या मळसूत्राचा मात्र आमच्या घरात काही उपयोग नाही असं मी धरून चाललो होतो. पहिल्याच आठवड्यात बायकोने त्याने परकराच्या नाडीची निरगाठ सोडवली.